एमसी स्टॅनची प्रसिद्धी त्याच्या योग्यतेची आहे का?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एका वाचकाने रॅपला संगीत म्हणावे का, असे विचारले होते आणि म्हणावे, असे मी दोन ओळींत उत्तर दिले होते. त्या दोन ओळींवर निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली असून जवळजवळ प्रत्येक पत्रात पुण्याच्या एमसी स्टॅन या रॅपरचे नाव आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर, त्याची प्रसिद्धी त्याच्या योग्यतेची आहे का, या वादाला दिले आहे.

प्रश्न : ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात अमरावतीचा शिव ठाकरे सुरुवातीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत मनापासून खेळला. एमसी स्टॅन मात्र आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात बसून ‘मला घरी जाऊ द्या’ म्हणत होता. तरीही विजेता तोच ठरला आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतली मुले त्याच्यासारख्या साखळ्या गळ्यात घालून फिरतात. एवढी प्रसिद्धी मिळावी असे या मुलाने केले तरी काय?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : गुरुजी, १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री सलमान खानने स्टॅनचे नाव विजेता म्हणून जाहीर केले तेव्हा सीमाभागातील कितीतरी मराठी घरांत तुमच्यासारखीच निराशा झाली होती. शिव ठाकरे २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’चे दुसरे पर्व जिंकून तिथे गेला होता, आपल्या लोकांना तो घरचा वाटत होता आणि दिलेले काम जीव ओतून करण्यात तो स्टॅनपेक्षा नक्कीच सरस होता. खेळापुरते बोलायचे तर माझेही मत तुमच्याच बाजूने आहे. परंतु त्या खेळाचा निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागतो आणि स्टॅनला पडलेली मते त्या घरातल्या चार महिन्यांत तयार झालेली नव्हती. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ते पर्व सुरू झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून तो यूट्यूबवर गात होता. २०१९ मध्ये एमिवे बंटाय या रॅपरशी गाण्यांतून झालेल्या त्याच्या वाक्युद्धाची देशभरच्या तरुण श्रोत्यांनी दखल घेतली होती, २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम आला होता आणि २०२२ मध्ये ‘इन्सान’. त्या घरात शिरताना तो आपला श्रोतृवर्ग बरोबर घेऊनच शिरला. आपल्यासारख्या, दूरचित्रवाणीवरच नवे चेहरे पाहणाऱ्या लोकांना तो तेव्हा प्रथम दिसला आणि म्हणून त्याची प्रसिद्धी तिथेच जन्मली असा आपला समज झाला. कन्नड वाहिन्या पाहणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना हा प्रकार नवा वाटू नये. जानेवारी २०१८ मध्ये कन्नड ‘बिग बॉस’चे पाचवे पर्व जिंकणारा चंदन शेट्टीही रॅपरच होता आणि त्यालाही त्याच्या गाण्यांनी जमवलेल्या लोकांचा आधार होता.

तेव्हा ‘तो का जिंकला’ हा प्रश्न बाजूला ठेवून तुमचा खरा प्रश्न घेऊ. या प्रसिद्धीला तो लायक आहे का?

कोणत्याही कलावंताची लायकी त्या कलेच्या स्वतःच्या कसोटीवर पाहावी, असे माझे मत आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीने ठेवलेल्या मेजवानीत एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवल्या आणि गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेला. त्या तुकड्यावर लोक नाचू लागले आणि पुढे त्यावरच बोलण्याची, म्हणजे आज ज्याला रॅप म्हणतात त्याची, बैठक तयार झाली. ही कला गरीब वस्तीतल्या, वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांची होती आणि तिची कसोटी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आपल्या गल्लीचे जगणे आपल्याच गल्लीच्या बोलीत, लय न सोडता, ऐकणाऱ्याला थांबवून ठेवील अशा रीतीने सांगता येते का, आणि समोरून आव्हान आले तर त्याला शब्दांनी उत्तर देता येते का, एवढेच ती विचारते. याच कसोटीवर चालणाऱ्या एका रॅपरला, केंड्रिक लमारला, २०१८ मध्ये संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला, तेव्हा तिला हलके समजण्याचे कारण नाही.

आपल्या जिल्ह्याला तर ही कसोटी परकी नाहीच. अथणी-चिकोडीकडच्या जत्रांत ज्यांनी कलगी-तुऱ्याचे किंवा कन्नडमधील गीगी पदांचे सामने ऐकले आहेत त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मुख्य गायक एक हात कानावर ठेवून पहिली ओळ टाकतो, मागचे साथीदार ‘गी गी’ म्हणत ती उचलून धरतात, डफावर थाप पडते, तुणतुणे एकाच सुरावर चालू राहते आणि कोड्यासारखा प्रश्न टाकून झाला की गायक समोरच्या फडाकडे पाहत मागे सरकतो. समोरच्याने त्याच चालीत, त्याच यमकात उत्तर द्यायचे असते. हा सामना रात्र-रात्र चालतो आणि त्यात नाव कोणाचे होते, तर ज्याच्यासाठी माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात त्याचे. व्याकरण कोणाचे शुद्ध, गळा कोणाचा गोड, याला तिथे दुय्यम स्थान असते.

आता स्टॅन. त्याचे खरे नाव अल्ताफ शेख, जन्म १९९९ चा, पुण्याच्या रेल्वे स्थानकाजवळच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतला. लहानपणी तो कव्वाली गात असे आणि आवाज कुठे ताणायचा, कुठे सोडायचा ही जाण त्याच्या गाण्यात आजही ऐकू येते. वस्तीतली गरिबी, पोलिसांची भीती, मित्रांची फितुरी आणि आईबद्दलची ओढ हे त्याचे विषय त्याने कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. आवाजाची त्याची ओळख इतकी पक्की आहे की गाणे सुरू होताच तो कोण आहे हे कळते, आणि माझ्या मते निम्मी कमाई तिथेच आहे. शब्दांच्या कारागिरीत मात्र तो मध्यम आहे. त्याच्या ओळींत तेच तेच यमक वारंवार येते, बढाईचा भाग मोठा असतो आणि एखादा प्रसंग उभा करून तो शेवटपर्यंत नेण्याचा संयम त्याच्याकडे कमी दिसतो. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या दोघांनी २०१५ मध्ये वस्तीचे जे चित्र गाण्यांतून लोकांपुढे आणले आणि ज्यांच्या आयुष्यांवरून प्रेरणा घेऊन २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला, त्यांच्या खोलीपर्यंत स्टॅन अजून पोहोचलेला नाही.

तरीही माझे उत्तर ‘होय, ही प्रसिद्धी त्याने कमावली आहे’ असेच आहे आणि त्याचे कारण त्याच्या भाषेत आहे. हिंदी चित्रपटांनी आणि मालिकांनी मराठी वळणाची हिंदी वर्षानुवर्षे हवालदाराच्या आणि कामवाल्या बाईच्या तोंडी दिली. प्रेक्षकांनी ती ऐकून हसावे एवढीच तिची नेमणूक होती. स्टॅनने तीच बोली, पुण्याच्या वस्तीतली, मराठी शब्दांनी भरलेली, देशभर पाहिल्या जाणाऱ्या दूरचित्रवाणी खेळात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तशीच ठेवली. त्याचे ‘शेमडी’ तर दिल्ली-लखनौच्या मुलांच्या तोंडी बसले. कोणी त्याला नीट बोलायला शिकवले नाही आणि त्यानेही ते शिकून घेतले नाही. ज्या मुलांची मराठी पुण्यात गेल्यावर सुधारली जाते आणि ज्यांची कन्नड बेंगळुरूत गेल्यावर सुधारली जाते, त्या आपल्या सीमाभागातल्या मुलांना यात काय दिसले असेल याचा विचार करावा, अशी माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तुमच्या गल्लीतली मुले साखळ्यांपाशी थांबली असतील तर त्यांना पुढे न्यावे लागेल, पण ती तिथे ओढली गेली ती केवळ चकाकीमुळे असे मला वाटत नाही.

तक्रारच करायची असेल तर ती अशी असावी की हा प्रकाशझोत एकट्यावर का थांबला. अमरावतीचाच सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो आणि २०२३ च्या ‘हसल’ या रॅप स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात त्याने राष्ट्रीय मंचावर मराठी ऐकवली. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या चमूतला एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि याच चमूने २०१९ मध्ये आरे जंगलाच्या प्रश्नावर वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणे केले. शब्दांचे वजन पाहिले तर हे लोक स्टॅनच्या पुढे आहेत. त्यांना त्याच्या दशांशाने जरी श्रोते मिळाले तरी मला फार समाधान वाटेल.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. या मुलाचा आवाज यंत्रातून काढलेला असतो, हे आम्हाला ऐकताक्षणी कळते. यंत्र बंद केले तर त्याच्याकडे काय उरते? ज्याला सूर लावता येत नाही त्याला गायक म्हणून डोक्यावर घेणे हा रियाज करणाऱ्यांचा अपमान नाही का?
— एक पेटीवादक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमच्या कानांनी बरोबर ओळखले आहे. तो ऑटो-ट्यून वापरतो आणि ते लपवतही नाही. हे साधन अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन अभियंत्याने १९९७ मध्ये बाजारात आणले. त्याआधी तो जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या परताव्यावरून तेलाचे साठे शोधण्याच्या गणितावर काम करत असे आणि लहरींचे तेच गणित त्याने गळ्याला लावले. गायकाचा स्वर नेमका कुठे लागला आहे हे यंत्र मोजते आणि ठरवून दिलेल्या सप्तकातल्या सर्वांत जवळच्या स्वरावर त्याला नेऊन ठेवते. हे नेणे सावकाश केले तर ऐकणाऱ्याला कळतही नाही आणि आज अनेक गोड गळ्यांच्या चित्रपटगीतांत ते तसे केलेले असते. नेण्याचा वेग पूर्ण वाढवला की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट नाहीशी होते आणि तो धातूसारखा, तुटक आवाज निघतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या गाण्यात तो मुद्दाम ठेवला गेला तेव्हापासून जगभर त्याची एक स्वतंत्र चव तयार झाली. स्टॅन ती चव म्हणून वापरतो. बेसूर झाकण्यासाठी गुपचूप वापरणाऱ्यांपेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटते.

आपण पेटी वाजवता म्हणून एक आठवण द्यावीशी वाटते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. ही पेटी परदेशी आहे, तिच्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, निघत नाही, तिचे स्वर ठोकून बसवलेले आहेत आणि ती गायकाचा कान बिघडवते, असे त्या वेळच्या जाणकारांचे म्हणणे होते. त्यातला मींडेचा आक्षेप खोटाही नव्हता. पण तोपर्यंत संगीत नाटकाने, कीर्तनाने आणि भजनाने तिला आपलेसे केले होते आणि आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ज्या संगीत रंगभूमीचा पाया घातला, ती रंगभूमी पुढे पेटीवाचून उभी राहीना. वाद्य कोणते आहे यावरून कलेची प्रत ठरवणे त्या वेळी चुकले होते. आज यंत्राच्या बाबतीत ते बरोबर ठरेल असे मला वाटत नाही.

यंत्र बंद केल्यावर काय उरते, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर सुरात शोधू नये, लयीत शोधावे. ज्या ठेक्यावर तो गातो तो सोळा मात्रांचा धरून मोजून पाहा. खाली मंद, जड असा नगाऱ्यासारखा ठोका चालतो आणि वर झांजेचे बारीक ठोके कधी दुपटीने, कधी तिहीच्या पटीत पळतात. त्या दोन गतींच्या मधोमध शब्द बसवायचे असतात. स्टॅन ओळ समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित मागून सुरू करतो, आळसावल्यासारखी ओढतो आणि शेवटचा शब्द नेमका ठोक्यावर टाकतो. हे यंत्र करून देत नाही. श्वास कुठे घ्यायचा हेही यंत्र सांगत नाही. श्वासाच्या मर्यादेतून शैली कशी घडते हे आपल्याला सुळेभावीच्या कुमार गंधर्वांनी क्षयरोगातून उठल्यावर दाखवून दिले आहे. त्यांची आणि या मुलाची तुलना करण्याचा माझा हेतू मुळीच नाही, पण गाण्याचा विचार श्वासापासून सुरू करावा, हे आपल्या भागातल्या माणसाला कोणी नव्याने सांगायला नको.

त्याच्या विरुद्ध जाणारा भागही सांगितला पाहिजे. तो शब्द फार गिळतो. पुष्कळ गाण्यांत तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यापर्यंत ओळ नीट कळत नाही आणि ज्या कलेचा सगळा भार शब्दावर आहे तिच्यात हे वैगुण्यच मानावे लागेल. अशा कार्यक्रमांत मागे ध्वनिमुद्रित आवाज सोडण्याची प्रथाही सर्रास आहे. कधी या प्रकारच्या कोणाही गायकाला समोर बसून ऐकण्याची वेळ आली तर ओळींचे शेवट तो स्वतः पुरे करतो की श्रोत्यांवर आणि मागच्या आवाजावर सोडून देतो, एवढे पाहावे. रियाजाची परीक्षा तिथे लगेच होते.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तो दिवसभर या माणसाची गाणी म्हणतो आणि त्यांत बायकांबद्दल जे शब्द आहेत ते स्वयंपाकघरात माझ्या कानावर येतात. मुलाला विचारले तर ‘रॅपमध्ये असेच असते, वस्तीत असेच बोलतात’ असे सांगतो. हे खरे आहे का? असे लिहिणाऱ्याला मोठे म्हणावे का?
— एक आई, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, तुमचा आक्षेप पूर्णपणे योग्य आहे आणि तो वयाचा किंवा आवडीचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नये. स्टॅनच्या अनेक गाण्यांत बाई येते ती मिरवण्याची वस्तू म्हणून, नाहीतर दुसऱ्या पुरुषाला खाली पाडण्यासाठी फेकलेली शिवी म्हणून. ‘वस्तीत असेच बोलतात’ हे समर्थन मला मान्य नाही, कारण वस्तीत बायकाही राहतात, त्याही बोलतात आणि त्यांचे बोलणे या गाण्यांत कुठेच नाही. पहाटे नळावर रांग लावणारी, धुणीभांडी करून घर चालवणारी बाई जर गाण्यात येत नसेल तर ते वस्तीचे अर्धेच चित्र झाले. आईविषयी तो जिव्हाळ्याने गातो हे खरे आहे, पण आईला हात जोडून बाकीच्या बायकांना शिव्या देणे ही सवय आपल्या समाजात स्टॅनच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याने ती मोडलेली नाही.

वस्तीचे जगणे याहून वेगळ्या रीतीने सांगता येते, याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जी छक्कड लिहिली, तिच्यातली गावी राहिलेली बायको मानाने उभी आहे, आणि तिच्या विरहातच त्यांनी बेळगाव-कारवार-निपाणीच्या ताटातुटीचे दुःख ओवले. सीमाभागातल्या घरांत ती छक्कड अजून म्हटली जाते. रस्त्यावरची भाषा, गरिबी, राग हे सगळे तिथे आहे आणि तरीही बाईला कमी लेखलेले नाही.

वर ज्या कलगी-तुऱ्याचा उल्लेख केला आहे त्यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तुरेवाले शिवाचे थोरपण मांडतात आणि कलगीवाले शक्तीचे. म्हणजे पुरुषाने काही बोलावे आणि बाईच्या बाजूने त्याला तितकेच खणखणीत उत्तर मिळावे, ही सोय त्या खेळाच्या रचनेतच आहे. स्टॅनच्या गाण्यात ती दुसरी बाजू गप्प आहे. पुरुष प्रतिस्पर्ध्यांना तो उत्तर देण्याची संधी देतो, बायकांना देत नाही. त्याच्यातली सर्वांत मोठी उणीव मी हीच मानीन आणि कितीही श्रोते मिळाले तरी ती भरून निघत नाही.

मार्च २०२३ मध्ये इंदूरला त्याचा कार्यक्रम याच कारणावरून काही लोकांनी मंचावर चढून बंद पाडला. त्या मार्गाला माझा विरोध आहे. त्यातून एकही मुलगा तो शब्द वापरायचा थांबला नाही, उलट त्या गाण्यांना चोरून ऐकण्याची गोडी आली. घरात करण्यासारखे याहून बरेच काही आहे. गाणी ऐकण्याच्या बहुतेक अॅपवर असभ्य भाषेची गाणी बंद ठेवण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती आजच सुरू करा. आणि एक दिवस मुलाला शेजारी बसवून त्याच्या आवडत्या गाण्याच्या ओळी ठेका न लावता, साध्या आवाजात, कागदावरून वाचायला सांगा. कोणत्या ओळी तो तुमच्यासमोर वाचू शकतो आणि कोणत्या ओळींवर अडखळतो हे त्याचे त्यालाच दिसेल. त्याने न अडखळता वाचलेल्या ओळी तुम्हीही ऐकून घ्या, कारण त्यांत त्या कलावंताचे जे चांगले आहे तेही असेल आणि आईने तेवढे मान्य केले तर बाकीच्याबद्दलचे तिचे म्हणणे मुलगा ऐकतो.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळातले तरुण विसर्जन मिरवणुकीत स्टॅनची गाणी डॉल्बीवर लावण्याचा आग्रह धरतात. लावावीत का?
— मंडळाचे एक पदाधिकारी, चिकोडी

उत्तर : लावू नयेत. त्याच्या योग्यतेशी याचा संबंध नाही. ती गाणी एकट्याने किंवा मित्रांत ऐकण्याची आहेत, आणि मिरवणुकीत आजीपासून नातीपर्यंत सगळे चालत असतात. त्या तरुणांपैकी कोणी स्वतः लिहीत असेल तर त्याला उत्सवाच्या एका संध्याकाळी मंडपात दहा मिनिटे द्या. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम त्यालाही लागू आहे, एवढे आधी सांगून ठेवा.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र रॅप लिहितो. आमचे कॉलेजमधले मित्र म्हणतात की स्टॅन हिंदीत गातो म्हणून देशभर पोहोचला, मराठीत राहिला असता तर ताडीवाला रस्त्याच्या बाहेर कोणी ओळखले नसते. बेळगावकडच्या मराठीत गाऊन काही उपयोग आहे का? सोबत चार ओळी पाठवत आहे.
— एक विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : हिंदीमुळे त्याचा बाजार मोठा झाला यात शंका नाही. पण हिंदीत रॅप करणारी हजारो मुले आज आहेत आणि त्यांतली बहुतेक त्याच्याइतकी पोहोचली नाहीत. त्याची हिंदी पाठ्यपुस्तकातली असती तर तो त्या हजारांत मिसळून गेला असता. बेंगळुरूमध्ये घडलेला, मूळ केरळचा हनुमानकाइंड इंग्रजीत गातो, पण २०२४ मध्ये त्याचे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेले तेव्हा लोकांच्या मनात राहिले ते मौत का कुआँमध्ये भिंतीवरून गाड्या फिरवणारे त्याच्या चित्रफितीतले कलाकार. सौरभ अभ्यंकरने वऱ्हाडी सोडली नाही हे वर आलेच आहे. माझ्या मते यांतल्या प्रत्येकाकडे स्वतःच्या जागेचे काहीतरी होते आणि तुमच्याकडे तर ते भरपूर आहे. एकाच दिवसात घरी मराठी, बसमध्ये कन्नड, कॉलेजात इंग्रजी आणि मोबाइलवर हिंदी वापरणारी मुले देशात फार थोड्या ठिकाणी आहेत. मात्र चारही भाषा दिखाव्यासाठी एका गाण्यात कोंबू नका. ज्या माणसाशी ज्या भाषेत बोलता त्या माणसाच्या ओळीला ती द्या.

तुमच्या ओळी वाचकांसाठी इथे देतो.

‘जांबोटीची गाडी, दाराला लोंबकळत आलो,
दुनिया बघून घेईल म्हणून रागानं मी बोललो.
तिकिटाच्या मागं ओळ, खिशात त्याची घडी,
खानापूर येईतोवर घामानं पुसली थोडी.’

पहिली ओळ चांगली आहे, दुसरी काढून टाका. दुनिया बघून घेईल ही धमकी प्रत्येक रॅपर देतो आणि ती तुमची वाटत नाही, स्टॅनची वाटते. शिवाय ‘आलो-बोललो’ हे यमक क्रियापदाच्या प्रत्ययाने फुकट मिळालेले आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे अशी यमके हवी तितकी सापडतात आणि ऐकणाऱ्याला लगेच कंटाळा आणतात. ‘काय करायलास, कुठं निघालास’ ही आपली बोलण्याची धाटणीही तशीच जपून वापरा, नाहीतर सोळा ओळी एकाच आवाजात संपतील. यमक ओळीच्या पोटात आणा. ‘गाडी’ आणि ‘घडी’ तुमच्याकडे आधीच आहेत, ते दोन शब्द जवळ आले तर काय होते ते म्हणून पाहा.

शेवटच्या दोन ओळी मात्र तशाच राहू द्या. लिहायला कागद नाही म्हणून तिकिटाच्या पाठीवर लिहिलेली ओळ घामाने थोडी पुसली जाते, हे मी आजवर कोणाच्याही गाण्यात ऐकलेले नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी रोज लोंबकळत शिकायला जाणाऱ्या मुलाशिवाय दुसऱ्या कोणाला ते सुचणारही नाही. पुसलेला भाग कोणता होता ते पुढच्या चार ओळींत येऊ द्या, आणि ते लिहून झाले की तिघांपैकी एकाला हाताने ठेका धरायला सांगून ठेक्यावर मोठ्याने म्हणून पाहा. जिथे श्वास तुटेल तिथला शब्द बदला. गाणे पूर्ण झाले की या सदराकडे पाठवा, मला ते वाचायचे आहे.